टाचेचा नकाशा

गेल्या महिन्यात माझी पुतणी भेटीस आली तेव्हा तिच्या हातात एक मोठा तपकिरी लखोटा होता. त्यातली काळी फिल्म तिने खिडकीशी धरली, आणि टाचेच्या हाडाच्या तळाशी, बोटांच्या दिशेने वळलेला तो चिमुकला आकडा दृष्टीस पडताच तीस वर्षांपूर्वीची माझीच तसबीर कोणी पुन्हा माझ्यापुढे ठेवली आहे असे मला वाटले. "काका, हाड वाढलंय म्हणतात. काढावं लागेल. तारीखही दिलीय," ती म्हणाली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवसाचे पाच-सहा तास फरशीवर उभे राहण्यात जातात. दुखणे सुरू होऊन उणेपुरे तीन महिने झाले होते, आणि इलाज म्हणावा तर गोळ्यांच्या दोन पट्ट्या व लावायचे एक मलम. टाच कोणी हाताने दाबून पाहिली काय, असे मी विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. त्या नकाराने मन विषण्ण झाले, म्हणून हे लिहावयास बसलो.

भूमापन खात्यात भूकरमापक म्हणून मी १९८१ साली रुजू झालो. पहिल्या चौदा वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. अर्ज, नोटिसा, पंचनामे, हद्दीच्या तक्रारी आणि मुदतीत न निघालेली प्रकरणे कोणत्याही तालुक्यात सारखीच असतात. मात्र १९९५ ते २००५ हे दशक माझ्या आयुष्यातून वगळता येत नाही.

१९९५ च्या पावसाळ्यानंतर पाटण तालुक्यात मोजणीचे काम चालू होते. फलकयंत्र, तिपाई आणि साखळी घेऊन दिवसभर चढउतारावर वावरण्याची शरीराला सवय होती. पण एका पहाटे अंथरुणातून उठून उजवे पाऊल शेणाने सारवलेल्या जमिनीवर टेकले, आणि टाचेच्या आतल्या अंगाला खिळा शिरावा तशी कळ मस्तकात गेली. दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरली, दुपारी जेवणापुरते बसून उठलो तेव्हा परतली, आणि पुढे कित्येक महिने हाच तिचा शिरस्ता राहिला. आई रोज रात्री चुलीत वीट तापवी, तिच्यावर तेल लावलेले रुईचे पान ठेवी आणि त्यावर माझी टाच टेकवून शेक देई. त्या शेकाने झोप लागे, पहाटेची कळ मात्र राही. गावच्या वैद्यांनी वातकंटक हे नाव सांगितले, जे सुश्रुतसंहितेत आहे. विषम जागी पाय पडल्याने आणि श्रमाने होणारी ही व्यथा, असे त्यांनी टाचेवर अंगठा फिरवीत समजावले. त्या दशकात माझी टाच हाती घेऊन पाहणारे ते पहिले, आणि पुढली नऊ वर्षे शेवटचे.

शहरातील दवाखान्यात आठ महिन्यांत स्टेरॉइडची तीन इंजेक्शने झाली. प्रत्येकाने महिनाभर आराम पडे, आणि त्या आरामाच्या भरवशावर मी पुन्हा डोंगर चढे. अशा इंजेक्शनांनी टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि तळव्याची पट्टी क्वचित तुटतेही, हे मला कोणी सांगितले नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पट्टी तुटलेल्या ५१ रुग्णांपैकी ४४ जणांना आधी इंजेक्शन दिलेले होते, हे मी फार उशिरा वाचले.

१९९६ साली एका शल्यविशारदांनी दोन्ही पायांचे फोटो काढविले. उजव्या टाचेत आकडा होता, आणि डाव्या टाचेत त्याहून मोठा होता. डावी का दुखत नाही, असे मी विचारले तेव्हा "ती पुढे दुखेल," एवढेच उत्तर मिळाले. आज तीस वर्षे झाली, डावी टाच एक दिवसही दुखली नाही. माझ्या डाव्या पायाने दिलेली ही साक्ष त्याच वेळी कोणी नोंदवून घेतली असती, तर उजव्या पायावर सुरी चालली नसती, असे मी आज निश्चयपूर्वक म्हणतो.

वाढलेले हाडच दुखते, या भ्रमाला इतिहास आहे. रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि अवघ्या पाच वर्षांत, १९०० साली, जर्मनीत प्लेट्नर यांनी टाचेच्या या काट्याचे वर्णन केले. पुढे काही वर्षे त्याचा ठपका परम्याच्या रोगावरही ठेवला गेला. काटा दिसू लागला म्हणून काट्यावर दोष आला. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली तळव्याची पट्टी, जिला डॉक्टर प्लांटर फॅशिया म्हणतात आणि जिच्या मुळाशी बहुतेक वेळा खरी व्यथा असते, ती साध्या फोटोत उमटत नाही. काटा असून न दुखणारे पाय पुष्कळ आहेत, काटा नसून दुखणारेही आहेत. नकाशावरची रेघ आणि जागेवरचा बांध यांचा मेळ बसेना, तर जागेवर जावे, वहिवाट पाहावी, शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत, हा आमच्या खात्याचा पहिला दंडक. त्या दवाखान्यात मात्र नकाशावरच निकाल लागला.

शस्त्रक्रियेत टाचेच्या आतल्या बाजूने छेद घेऊन काटा छिनला, आणि त्याबरोबर ती पट्टी आडवी पूर्ण तोडली. तीन आठवडे प्लास्टर, सहा आठवडे कुबड्या, चार महिने रजा. पहाटेची कळ गेली, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. पण दोरी तुटलेल्या धनुष्यासारखी पावलाची कमान हळूहळू बसत गेली, पावलाच्या बाहेरच्या कडेला नवे दुखणे सुरू झाले, आणि टाचेच्या आतल्या बाजूची कातडी बधिर झाली ती आजतागायत बधिरच आहे. पट्टी कापावीच लागली तर आतला भागच कापावा, निम्म्याहून अधिक कापू नये, हा आजचा संकेत आहे. बारीक छेदातून दुर्बिणीने तेवढेच काम करण्याची रीत अमेरिकेत बॅरेट आणि डे यांनी १९९१ सालीच मांडली होती.

चढावर चालणे अशक्य झाल्याने माझी बदली अभिलेख कक्षात झाली. ज्या शिवारांच्या बांधांवरून मी दव तुडवीत गेलो, त्यांचे नकाशे मी पुढे फडक्यातून सोडून फक्त नकलेसाठी देत राहिलो. ड्रोन आणि उपग्रहाच्या यंत्रांनी मोजणी करणाऱ्या आजच्या मुलांना मी बोल लावीत नाही. पण खडी माती, ओली माती, नांगरट आणि पडीक यांतला भेद पायाच्या तळव्याने ओळखण्याचे जे सुख माझ्याकडून अकाली हिरावले गेले, त्याची भरपाई कोणत्याही निवृत्तिवेतनात नाही.

२००४ साली एका सरकारी रुग्णालयातील फिजिओथेरपीच्या तरुण बाईंनी माझा पाय मांडीवर घेतला, टाचेच्या आतल्या कडेवर अंगठा रुतवला आणि पोटरी चाचपून म्हणाल्या, "आजोबा, ही पोटरी दगड झालीय." माझे वय पंचेचाळीसच होते, तरी त्या हाकेतला जिव्हाळा मला मोलाचा वाटला. आदल्याच वर्षी अमेरिकेत लेमाँट यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने तपासून तेथे दाह नसून झीज आहे असे दाखविले होते, आणि रॉचेस्टरच्या डिजोव्हानी यांनी दीर्घकाळ टाच दुखणाऱ्या १०१ रुग्णांना घेऊन पट्टीच्या खास ताणाचा उपयोग सिद्ध केला होता. बाईंना हे दोन्ही ठाऊक होते. कापलेली पट्टी त्या जोडू शकत नव्हत्या. पण पोटरीच्या ताणाने, कमानीला आधार देणाऱ्या तळव्याने आणि एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपलांनी त्यांनी मला पुन्हा तासभर चालते केले. या रबराचा उपयोग वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी केला होता. माझ्या बधिर टाचेलाही तेच रबर धावून आले.

नंतरची वीस वर्षे थोडक्यात आटोपतो. मूतखडा फोडणाऱ्या आघातलहरी टाचेसाठी आल्या, रक्तातल्या प्लेटलेटची इंजेक्शने आली, आणि डेन्मार्कमध्ये बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचलण्याचा, दिवसाआड करावयाचा जड व्यायाम उपयोगी ठरला. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरे होतात. सहा महिने ते वर्षभर हे सर्व निष्ठेने करूनही पाय टेकवत नाही, अशा थोड्यांसाठी शस्त्रक्रिया आहे, आणि त्यांना ती जरूर मिळावी. तीन महिन्यांत तारीख देणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

पुतणीला मी खाटेवर बसवले, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगितला आणि तिच्याच हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढविली. तळव्याची पट्टी तंबोऱ्याच्या तारेसारखी वर आली. तिच्यावर तिने दुसऱ्या हाताचे बोट ठेवले. दहा मोजून सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि पहिली खेप पहाटे जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी. घरात अनवाणी फिरायचे नाही, हेही बजावले. चार दिवसांनी तिचा फोन आला. "काका, अजून दुखतंय. पण तारीख दोन महिने पुढे ढकलून घेतली." लखोटा ती माझ्याकडेच विसरून गेली आहे.