कानसेनांची ओस पेठ

‘तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे’ असे आपल्याकडे म्हणतात. पण कानसेनही कोणी आपोआप होत नाही. त्यासाठी पुष्कळ ऐकावे लागते, आणि उत्तम काय व सुमार काय हे शेजारी बसून दाखवणारे कोणीतरी लागते. यंत्रावरील संगीताच्या बाबतीत हे काम अमेरिकेत एके काळी दुकानांनी केले. ती दुकाने आता एकामागून एक मिटत आहेत आणि त्यांच्या पायऱ्या चढणारी माणसे म्हातारी झाली आहेत. असे का झाले, ते समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

‘हाय-फाय’ म्हणजे मूळ गायन-वादनाशी शक्य तितके इमान राखणारे ध्वनियंत्र. या छंदाची खरी भरभराट दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली आणि १९५८च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या. युद्धानंतर जन्मलेली पिढी नेमकी याच काळात वाढत होती. तरुणांजवळ पैसा बेताचा होता, पण हौस दांडगी होती. डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ हा १९५९चा अँप्लिफायर सुट्या भागांच्या संचातही मिळे. घरी बसून तारा जोडाव्या, डाग द्यावे आणि आपल्या हाताने केलेल्या यंत्रावर गाणे ऐकावे! हीथकिट कंपनीही असेच संच विकत असे. तिने १९९२ साली ते बंद केले.

त्या काळची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९५४ साली एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. तोवर खर्जाचे स्वर नीट ऐकायचे तर कपाटाएवढी पेटी लागे. व्हिलचर यांनी पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. त्यामुळे फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज निघू लागला. व्हिलचर शिक्षकही होते. म्हणूनच की काय, कंपनीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक श्रवणकक्ष उघडला. तेथे विक्री मुळीच नव्हती! येणाऱ्याने बसावे, ऐकावे, शंका विचाराव्या आणि निघून जावे. गावोगावचे चांगले दुकानदारही थोडेफार हेच करीत. एकच तबकडी दोन निरनिराळ्या स्पीकरांवर वाजवून ‘फरक कळला का?’ असे विचारीत. गिऱ्हाइकाचा कान तिथे घडत असे.

मग ही पेठ ओस का पडली? पहिले कारण सोयीचे. १९६३ची कॅसेट, १९७९चा वॉकमन, १९८२ची सीडी, २००१चा आयपॉड आणि त्यानंतरचा मोबाइल, अशा प्रत्येक पायरीवर संगीत अधिक सुटसुटीत झाले. दिवाणखान्यात ठाण मांडून ऐकायची गोष्ट खिशात गेली. शिवाय सीडीमुळे स्वस्त यंत्रही बरे वाजू लागले आणि महागड्या यंत्रातला फरक उघड जाणवेनासा झाला.

दुसरे कारण हिशेबाचे. शांत, प्रशस्त श्रवणकक्षाचे भाडे दुकानदाराने भरायचे. गिऱ्हाइकाने तिथे तासभर ऐकायचे आणि खरेदी मात्र टपालाने किंवा इंटरनेटवरून स्वस्तात करायची, हे किती दिवस चालणार? ट्वीटर ही तिकडची मोठी साखळी २००८ साली बंद पडली. सर्वसाधारण विद्युत वस्तू विकणारी सर्किट सिटीही २००९ साली गेली.

तिसरे कारण मला सर्वांत घातक वाटते. गिऱ्हाइके घटली तेव्हा अनेक कारखानदारांनी आणि दुकानदारांनी किमती चढवून तूट भरून काढली. जुन्या हौशी मंडळींजवळ आता पैसा होता, त्यांनी दिला. पण मोटारीच्या किमतीचा स्पीकर पाहून विद्यार्थी दारातूनच परतला. नवा हौशी येईना म्हणून किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून नवा हौशी येईना! या चक्रात दुकान आणि गिऱ्हाईक दोघेही एकदमच म्हातारे झाले.

त्यात निसर्गाचीही थट्टा आहे. तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचे नाद ऐकू येतात. वय वाढते तसे वरच्या टोकाचे नाद आधी हरपतात. म्हणजे उत्तम यंत्र घेण्याची ऐपत येते तेव्हा त्याची बारीक करामत ऐकणारा कान उरलेला नसतो.

तरुणांना ओढच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२२ साली अमेरिकेत तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबात सीडीहून अधिक झाली. १९८७ नंतर हे प्रथमच घडले. ओढ आहे, कान घडवणारी जागा मात्र उरलेली नाही.

आपल्याकडे ही पेठ तेवढी कधी फुललीच नाही. आयातीवर कडक निर्बंध होते त्या दिवसांत माझ्या मामांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग गोळा करून आपला अँप्लिफायर स्वतः बांधला. परवा त्यांनी मला दोन स्पीकरांच्या समोर नेमक्या जागी बसवले, तबकडी लावली आणि म्हणाले, “झांज कधी विरते ते सांग. मला आता तिचा ठोकाच तेवढा कळतो.” मी डोळे मिटून ऐकले. ठोक्यानंतर कितीतरी वेळ एक बारीक झणकार रेंगाळत होता. मी हात वर केला तेव्हा मामा समाधानाने हसले. आजवर कानांत बोंडे घालून हजारो गाणी ऐकली, पण असा एक नाद शेवटपर्यंत मी कधी ऐकला नव्हता.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. महिन्यातून एका शनिवारी आपल्या महाविद्यालयातला एखादा रिकामा वर्ग तासभर मिळावा. मामा आपला संच घेऊन यायला तयार आहेत. विकत काही घ्यायचे नाही, फक्त ऐकायचे. त्यांच्याजवळ जाण आहे, आपल्याजवळ कान आहेत. दोन्ही एकत्र असण्याचे दिवस फार नाहीत.