मासा एक, पाणी शंभर लिटर

गोल्डफिश सहजासहजी मरत नाही, हीच खरी पंचाईत आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचा थर धरतो, खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो, तरी हा मासा तग धरतो. ऑक्सिजन अपुरा पडला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होतं. गोल्डफिश त्याचं चक्क अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. शास्त्रज्ञांनी हे १९८० साली दाखवून दिलं. इतका चिवट जीव पाच लिटरच्या गोल बरणीत ठेवला, तर काही महिने तोही पोहत राहतो आणि दुकानदाराला म्हणायला मोकळीक मिळते, ‘बघा, मजेत आहे की!’

इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ साली अशा गोल भांड्यांवर बंदी घातली, पुढच्या वर्षी रोमनेही. मोन्झाने दिलेलं कारण होतं की गोल काचेतून माशाला जग वेडंवाकडं दिसतं. कारण मोठं हळवं आहे, पण बरणीचा मुख्य दोष काचेत नाही, पाण्यात आहे.

गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याला जठर नसतं, त्यामुळे तो दिवसभर थोडं थोडं खातो आणि तेवढंच बाहेर टाकतो. खाद्यातल्या प्रथिनांमधला नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांतून निघतो. एक ग्रॅम खाद्यामागे साधारण ३० मिलिग्रॅम अमोनिया. पाच लिटरच्या बरणीत हे प्रमाण लिटरला ६ मिलिग्रॅम होतं, शंभर लिटरच्या टाकीत ०.३. मासा तोच, खाद्य तेवढंच. एकीकडे कल्ले भाजून निघतात, दुसरीकडे सावरायला वेळ मिळतो. त्यात पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी म्हणून आधी सामू तपासावा.

नुसतं भरपूर पाणी मात्र पुरत नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वसावे लागतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. खरेदीचा क्रम त्यामुळे उलटा हवा: टाकी आज, मासा महिन्या-दीड महिन्याने. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि तपासणी संचाच्या नळीत थेंब टाकून रंग बघत राहायचं. नेहमीच्या संचात अमोनिया असेल तर पाणी हिरवं होतं, नसेल तर पिवळं राहतं. नायट्राइटचीही तपासणी करायची, कारण ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं. दोन्ही शून्यावर आले की मासा आणावा. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंजचा तुकडा मागून घ्यावा; बरेच दिवस वाचतात. स्पंज नळाखाली मात्र कधी धुऊ नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या वस्तीचा फडशा पाडतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

आता माप. दुकानात ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून पुढे केली जाते ती दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी. काठोकाठ भरली तरी ५४ लिटर, खडे घालून जेमतेम ४५. फँटेल किंवा ओरांडा या गोल्डफिशच्या जातींचं एखादं पिल्लू तिच्यात काही महिने काढेल, पण हे मासे वाढून वीतभर होतात. माझं मत विचाराल तर दोन माशांसाठी पहिलीच टाकी तीन फूट बाय सव्वा बाय सव्वाची घ्यावी, म्हणजे सुमारे १३० लिटर. खर्च एकदाच होतो. मात्र इतकं पाणी म्हणजे १३० किलो, वर काच आणि खडे. ते टीव्हीच्या शोकेसवर ठेवू नये. मजबूत लोखंडी स्टँड आणि काचेखाली थर्माकोलची शीट हवीच, नाहीतर खालच्या एखाद्या उंचवट्यावर ताण येऊन तळ तडकतो.

टाकी उंच नको, पसरट हवी. ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागावरूनच मिसळतो आणि गरम पाण्यात तो कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. एप्रिल-मेमध्ये वीज गेली, एअर पंप थांबला की हा फरक लगेच दिसतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा.

राहिला स्वस्तात मिळणारा लांब शेपटीचा कॉमेट गोल्डफिश. हा फूटभर वाढतो आणि सुसाट पोहतो. त्याला मोठा हौदच लागतो. हौद नसेल तर घेऊ नये. आणि पुढे जड झाला म्हणून गावच्या तळ्यात तर अजिबात सोडू नये. तिथेही हा मरत नाही, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांच्या अन्नावर हात मारतो.