‘कुरळे’ इंग्रजीतून आलेले नाहीत

‘कुरळे’ हा शब्द इंग्रजी ‘कर्ल’वरून आला, असे चांगली शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात. उच्चार जवळचा, अर्थ तोच, म्हणून ते पटतेही. पण इंग्रजीत जसजसे मागे जावे तसतसा तिचा शब्द आपल्या शब्दापासून दूर जातो. चौदाव्या शतकात इंग्रजी कवी चॉसर ‘क्रुल’ लिहीत होता. डचमध्ये आजही ‘क्रुल’च आहे. ‘र’ आणि ‘उ’ यांची अदलाबदल होऊन ‘कर्ल’ नंतर घडला. आपला ‘कुरळ’ मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सापडतो. आपल्याकडचा भंडारा भोसल्यांकडून इंग्रजांकडे जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती; एवढ्यात इंग्रजी शब्द इथे रुजणे अवघडच.

दुसरा समज असा की संस्कृतात ‘कुरल’ सापडला, म्हणजे शोध संपला. खरी गंमत तर त्याच्या पुढे आहे. कन्नडमध्ये केसांच्या बटेला ‘कुरुळु’ म्हणतात, तेलुगूत केशसंभार म्हणजे ‘कुरुलु’. बरो आणि एमेनो यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात तमिळ ‘कुरुळ’ही याच कुळात आहे. संस्कृताने तो दक्षिणेकडून घेतला असावा, हे मत मला पटते. मात्र केवळ ‘ळ’ दिसला म्हणून शब्द द्राविडी ठरवू नये. ‘फल’चे ‘फळ’ मराठीनेच केले आहे. आणि द्राविडी म्हणजे आपल्याला परके, असे पूर्व विदर्भातल्या माणसाने तरी मानू नये. गोंडी त्याच कुळातली आहे. ती हिंदीची किंवा मराठीची बोली नव्हे.

‘ळ’ची गोष्ट निघालीच आहे, तर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीबद्दल आणि तिथल्या झाडीबोलीबद्दलही बोलले पाहिजे. भंडारा जिल्ह्यात ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणाऱ्याला अशुद्ध बोलतो म्हणून हिणवले जाते. हा अन्याय आहे. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, तिथे ‘र’ येतो. तो जिभेचा आळस नसून बोलीचा नियम आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी याच बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले.

केसांविषयीचा एक समज मात्र घरोघरी आहे: जावळ काढले की कुरळे केस सरळ आणि दाट येतात. वस्तरा फक्त त्वचेच्या वरचा केस कापतो. केस सरळ की कुरळा, हे त्वचेखालच्या केसमुळाच्या आकारावर ठरते. मूळ वाकडे असेल तर केस वळत बाहेर येतो, आणि त्याचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. मूळ कसे असेल ते बहुतांशी आईवडिलांकडून येते. वयात येताना, गरोदरपणात किंवा केमोथेरपीनंतर केसांची ठेवण बदलू शकते. बाळाचे पहिले मऊ केसही वाढत्या वयात आपोआप बदलतात, जावळ काढा किंवा काढू नका.