पोशीरची ओल आणि शंभर किलोचा बार

घरात व्यायामाची खोली करायची म्हटलं की माणूस आधी वजनं बघतो, मग आरसा, आणि जमिनीकडे सर्वांत शेवटी. मुंबईच्या इमारतीत ते खपून जातं. तिथे खाली दुसऱ्याचा फ्लॅट असतो आणि भांडण आवाजाचं असतं. पोशीरला घराखाली थेट जमीनच असते. नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते, पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे, आणि आषाढात खाचरांतलं पाणी घराच्या जोत्याजवळ उभं. इथे जमिनीवर वरून काय पडणार हे नंतर. खालून काय येणार ते आधी बघावं लागतं.

भाच्याची खोली घराच्या मागच्या अंगाला, जुना गोठा पाडून बांधलेली. खाली मुरमाची भरणी, वर सिमेंटचा माल, त्यावर दोन बाय दोन फुटांची गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. पोलीस भरतीच्या तयारीतून याला वजनं उचलायचा नाद लागला. २० किलोचा बार आणि लोखंडी प्लेट्स आल्या होत्या, आता रबरी मॅट मागवायची घाई होती. गावातल्या जुन्या गवंड्याला बोलावलं. त्याने मॅटचं काही ऐकून घ्यायच्या आधी खिशातून रुपया काढला आणि उकिडवं बसून एकेक टाइल वाजवत सुटला. बहुतेक ठिकाणी भरीव ‘टक्’, खिडकीखालच्या तीन-चार टाइलांवर मात्र पोकळ आवाज. “इथं माल धरलाच नाही. वजन टाकलंस की गेलीच समज.”

भाच्याचं म्हणणं, मॅट टाकल्यावर टाइलला काय होणार? प्रश्न वाजवी आहे आणि त्याला हिशेबाने उत्तर देता येतं. १०० किलोचा बार गुडघ्याच्या उंचीवरून, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवरून सुटला आणि दोन मिलिमीटरच्या अंतरात थांबला, तर जमिनीला बसणारा सरासरी दणका वजनाच्या अडीचशे पट होतो, पंचवीस टनांचा. तोच बार दहा मिलिमीटर दबत थांबला तर पाच टनांवर येतो. रबर एवढंच काम करतं: थांबायला थोडी जागा देतं. पण उरलेले पाच टन खाली जातातच, आणि ते पोकळ टाइलवर पडले तर वरची मॅट कितीही महाग असो, तिच्याखाली टाइलचे तुकडे होतात. म्हणून मॅटच्या जाडीइतकंच तिच्याखाली काय आहे हेही बघायचं.

मग ओलीची गोष्ट निघाली. पावसाळ्यात फरशी ओलसर लागते, पण ती ओल दोन प्रकारची असते आणि दोघींवरचे उपाय वेगळे. दमट हवा थंड टाइलला लागून पाणी धरते, म्हणजे फरशीला घाम येतो. दुसरी ओल मुरमातून आणि मालातून वर चढते. कोणती आहे हे ओळखायची सोपी रीत आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि एक दिवस-रात्र ठेवायचा. थेंब कागदाच्या वर दिसले तर घाम, खाली दिसले तर जमिनीतली ओल. आम्ही कागद टाइलच्या सांध्यांवर घेतला होता, कारण व्हिट्रिफाइड टाइल स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. येतं ते सांध्यातून. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला सांध्यांच्या रेघा पाण्याने उमटल्या होत्या. गवंडी नुसता “हं” म्हणाला.

अशा जमिनीवर रबर घट्ट चिकटवलं तर ओल अडकते, बुरशी धरते, वास सुटतो. तसा नव्या रबराला स्वतःचाही वास असतोच. स्वस्त मॅट जुन्या टायरांचा चुरा चिकटवून केलेल्या असतात, आणि बंद खोलीत तो टायरच्या दुकानासारखा वास बरेच दिवस रेंगाळतो. एकमेकांत अडकणाऱ्या रंगीत फोमच्या लाद्या त्यापेक्षा हलक्या नि स्वस्त. योगासनांना, पोटाच्या व्यायामाला त्या उत्तम. वजन खांद्यावर घेऊन बैठक मारायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फोम नको. पाय रुततो, घोटा डगमगतो, आणि प्लेटने पडलेला खड्डा पुन्हा भरत नाही. काही जण दोन थर मरीन प्लायचा चौथरा करतात. कोरड्या मुलखात तो छान. पण ओल्या फरशीवर थेट ठेवलेल्या प्लायला आमच्याकडे वाळवी लागायला वेळ लागत नाही.

बोलता बोलता घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तालमीचा विषय काढला. “एवढं कशाला? खड्डा काढून तांबडी माती टाका.” हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. कोल्हापूरच्या तालमींतल्या हौदात तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालतात, आणि ती फावड्याने उकरून भुसभुशीत ठेवतात. पडणाऱ्या अंगाला ती सांभाळते आणि पकडही देते. खाशाबा जाधव अशा मातीत तयार झाले, आणि १९५२ साली हेलसिंकीच्या मॅटवर त्यांनी कांस्यपदक मिळवलं. पण तालमीची माती ओलीवर जगते. ती कोरडी पडली की धूळ होते. शिवाय ती माणसाच्या पाठीसाठी आहे. लोखंडी प्लेट तिच्यात एका बाजूने रुतते आणि बार तिरका बसतो. कुस्तीचा बेत असता तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

शेवटी गवंड्याचं चाललं, आणि ते योग्यच होतं. खोलीभर खर्च करायचा नाही; जिथे वजन जमिनीवर येणार तेवढीच आठ बाय सहा फुटांची जागा धरायची. त्यात पोकळ टाइला आल्याच. टाइला उखडून भरणी खाली उतरवली, धुम्मसने चोपून घेतली, वर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद भिंतीपर्यंत वळवून पसरला, आणि त्यावर चार इंच काँक्रीट. वरचा कोबा मुद्दाम खरखरीत ठेवला, घोटून गुळगुळीत केला नाही. काँक्रीटला सात दिवस पाणी मारलं. त्यानंतर ते वाळू देण्याचा काळ भाच्याला सर्वांत जड गेला. काँक्रीट हाताला कोरडं लागलं तरी आत पाणी असतं, आणि वर लगेच रबर अंथरलं तर खालून अडवलेली ओल आपणच वरून कोंडतो.

त्या चौकोनात १५ मिलिमीटरच्या रबरी लाद्या आल्या, उरलेल्या खोलीत १० मिलिमीटरच्या. एक मीटर लांबी-रुंदीची जाड लादी साधारण पंधरा किलोची, त्यामुळे ती आपल्या वजनानेच जागा धरते. दाराशी कापायची वेळ आली तेव्हा कटरच्या पात्याला साबणाचं पाणी लावलं; कोरडं पातं रबरात अडकतं आणि कड फाटते. भिंतीपासून बोटभर फट सोडली.

दुकानदाराने मॅटसोबत चिकटवायच्या द्रावाचा डबाही दिला होता. तो न उघडता परत केला. उल्हासच्या खोऱ्यात २०१९ च्या जुलैत पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, ती आठवण इथे कुणी विसरलेलं नाही. घरात पाणी शिरलंच तर सुट्या लाद्या उचलून ओट्यावर ठेवता येतात. पूर नसला तरी दर पावसाळ्यानंतर त्या उभ्या करून, खालची फरशी पुसून, पडवीत सावलीला वाळवायच्या. उन्हात नाही, रबर कडक होऊन चिरा पडतात. भाच्याने विचारलं, हे दरवर्षी करायचं? गवंडी हत्यारं पोत्यात भरत म्हणाला, “वजन उचलायचीच हौस आहे ना तुला?”