खर्जापुढे काटा डळमळतो

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यावर भरपूर छापून आलं. फरीदसाहेब शिकलगारांपासून चालत आलेला व्यवसाय, पंढरपूरकडचे भोपळे, सतारमेकर गल्ली, हे सगळं वाचकांना आता पाठ झालं असेल. मात्र मानांकन वाद्य कुठं बनलं एवढंच सांगतं. ते सुरात लावायचं काम घेणाऱ्यालाच करावं लागतं, आणि हल्ली तो ते आधी मोबाइलवर सोपवतो. इथं एक मजेशीर योग जुळतो. तंबोरा शिकणारा विद्यार्थी आणि ऑर्केस्ट्रातला बेस गिटारवाला एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, पण दोघांची तक्रार एकच असते: वरच्या तारा ट्यूनर झटकन ओळखतो, जाड तार छेडली की काटा भरकटतो.

याला कारण आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते, पाच तारांच्या बेसची जेमतेम ३१. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९च्या आसपास, म्हणजे बेसच्या डी तारेच्या जवळपास येतो. सूर ओळखायला ट्यूनरला काही पूर्ण कंपनं मोजावी लागतात. तार संथ, तर मोजणीही संथ. त्यात मोबाइलचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला. इतक्या खालचा मूळ नाद त्याला क्षीण ऐकू येतो आणि त्यावरचे स्वरांश ठळक. मग खर्जाऐवजी कधी वरचा षड्ज दिसतो, कधी पंचम, कधी गंधार.

तंबोऱ्यात तर हे स्वरांश उठावेत म्हणूनच सगळी खटपट असते. घोडीचा किंचित गोलाईचा माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तारेतले वरचे नाद भरभरून बाहेर पडतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर लिहिलं होतं. तार एका बिंदूवर छेडल्यावर जे स्वरांश मुळीच उमटू नयेत, तेसुद्धा तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. गवई ज्याला जवारी म्हणतो, ती ट्यूनरच्या दृष्टीनं निव्वळ गोंधळ असते. म्हणून यंत्रावर तंबोरा लावायचा तर आधी दोरा काढून टाकावा, तार मऊ बोटानं छेडावी, खुंटीनं जवळ आणावी आणि मग मण्यानं नेमकी करावी. दोरा शेवटी घालावा.

आता खरेदीचं. शांत खोलीत मोबाइलचं अॅप चालून जातं, गणपतीच्या मंडपात ते कुचकामी. क्लिपचा ट्यूनर हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाचं कंपन टिपतो. म्हणून गोंगाटात तो उपयोगी. बेसला तो डोक्यापाशी लावायचा, तंबोऱ्याला खुंटीवर. स्वस्तातल्या क्लिपा सगळ्यात जाड तारेला दगा देतात, तेव्हा किती खालपर्यंत तो सूर ओळखतो ते डब्यावर पाहून घ्यावं. रंगमंचावर रोज वाजवणाऱ्यानं पायातला पेडल-ट्यूनरच घ्यावा. सूर थेट वायरीतून येतो आणि तार लावत असताना प्रेक्षकांना आवाज जात नाही.

लावण्याच्या युक्त्या साध्या आहेत. बेसचा टोनचा खटका कमी करून व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा, तार बाराव्या पडद्याच्या आसपास अंगठ्यानं हळू छेडावी, बाकीच्या तारा तळव्यानं दाबाव्यात. तरी काटा ठरत नसेल तर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा वरचा सूर लावावा. सूर नेहमी खालून वर आणावा, नाहीतर तार सैल पडते. आणि सुरुवातीलाच ट्यूनरवरचा ४४०चा प्रमाण-आकडा तपासावा. चुकून बटण दाबलं जाऊन तो बदललेला असतो आणि अख्खी मंडळी हार्मोनियमला शिव्या देत बसतात. उलट जुनी हार्मोनियम खरोखरच चढी असेल, तर हाच आकडा तिच्याप्रमाणे वाढवून घ्यायचा.

इथपर्यंत ट्यूनरशी माझं भांडण नाही. भांडण पुढं आहे, आणि ते आपल्याच दोन जिल्ह्यांत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांना २२ श्रुती मोजून हव्या होत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ऐकत त्यांनी तारेच्या लांबीवरून सुरांचे हिशेब मांडले आणि १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. सातारचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांना हा विषय भावला. १९१३ मध्ये त्यांचंही पुस्तक आलं. दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. बारा सुरांची पेटी आपल्या गाण्यावर अन्याय करते, तर जास्त सुरांची पेटी करू, हा त्यांचा विचार. निवाडा करायला न्यायाधीश आणि हिशेबाला कलेक्टर, सगळी तयारी कशी रीतसर! पण १९१६ मध्ये बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी आली तेव्हा संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्यासह जाणकारांनी ती मान्य केली नाही. गवयाचा सूर रागागणिक जिथं बसतो, तिथं पेटीची पट्टी बसेना.

मला देवलांची चिकाटी भातखंड्यांच्या टीकेपेक्षा जास्त आवडते, हे आधीच कबूल करतो. तरी त्यांनी ज्या बारा सुरांच्या पेटीवर आक्षेप घेतला, तेच बारा समान भाग आज प्रत्येक ट्यूनरच्या पोटात आहेत. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो ट्यूनरवर पाहा: काटा जवळजवळ १४ सेंट खाली दाखवील. शंभर सेंटांचा अर्धा स्वर, म्हणजे फरक बारीकसा नाही. तार बरोबर असते, काटाही आपल्या हिशेबानं बरोबर असतो. पंचमाचा फरक अवघा दोन सेंट, म्हणून तिथं कुणाला शंका येत नाही.

बेसवाल्याला याची चिंता नको. त्याच्या मानेवर पडदे ठोकलेले आहेत आणि शेजारी कीबोर्ड वाजतोय. त्यानं काट्याचं निमूट ऐकावं. तंबोऱ्याचं तसं नाही. तीन सेंटपर्यंत चूक खपवणारा ट्यूनर जोडीची एक तार तीन सेंट वर आणि दुसरी तीन सेंट खाली असताना दोन्हीकडे हिरवा दिवा लावील, आणि त्या दोन तारा काळी एकमध्ये दर दोन सेकंदांनी एक हेलकावा देत राहतील. हा हेलकावा शिकाऊ कानालाही कळतो. म्हणून एकच तार यंत्रावर लावावी, तीही आपला षड्ज कुठं आहे हे ठरवण्यापुरती. दुसरी तिच्याशी हेलकावा थांबेपर्यंत कानानं जुळवावी, मग पंचम, शेवटी खर्ज. खर्ज जमला की गंधार आपण होऊन बोलू लागतो. त्याला काट्यानं दुरुस्त करायला जाऊ नये.

शिकवणीच्या वर्गांत आजकाल पहिल्या दिवशीच मुलांना अॅप उतरवून घ्यायला सांगतात. वर्ष उलटलं तरी त्यांना दोन तारा एकमेकींशी लावता येत नाहीत, याचं खापर मी मुलांवर फोडणार नाही. मानांकनासाठी झगडलेल्या मिरजेतल्या कारागिरांनी प्रत्येक तंबोऱ्यासोबत लावण्याची रीत सांगणारा मराठी कागद घालावा, एवढी विनंती आहे. आणि ट्यूनर घ्यायला निघालेल्यांनी आपलं वाद्य दुकानात घेऊन जावं, सगळ्यात जाड तार छेडावी. दोन-तीन सेकंदांत सूर स्थिर दिसला नाही, तर तो ट्यूनर घेऊ नये.