नाणेघाटाची वाट आणि जुन्नरचे दाते

भाईंदरच्या इंद्रलोक परिसराच्या उत्तरेस वसईची खाडी आहे आणि खाडीपलीकडे नालासोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक. तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली उकरला. आत कोट नव्हता, स्तूप होता. त्याच्या गर्भातील दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या होत्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे होते.

हा स्तूप एकाकी नव्हता. सोपारा व कल्याण या बंदरांतील माल सह्याद्री चढून नाणेघाटाने जुन्नरला आणि तेथून प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला, जात असे. जुन्नर हीच शक क्षत्रप नहपानाची राजधानी असावी, असे काही संशोधकांचे मत आहे. त्याचा अमात्य अयम याने मानमोडी डोंगरावर मंडप व पाण्याची पोढी दान दिल्याचा वर्ष 46 चा शिलालेख तेथे आहे.

या वाटेवर दोन प्रकारची दाने कोरलेली आढळतात. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणांची मोजदाद आहे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत मात्र निराळीच माणसे भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दिली. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिले. बंदर आणि घाटमाथा यांचा संबंध याहून स्पष्ट कोण सांगणार? इरिल, चिट आणि चंद हे तिघे यवन होते. त्यांपैकी इरिलाने दोन पोढ्या दिल्या आणि चिटाने संघासाठी भोजनमंडप उभारला. जन्माने परका असलेला मनुष्य संघाच्या दारी परका राहिला नाही.

आणखी एका लेखाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्यात वंशकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या, आणि कासारांच्या श्रेणींकडे द्रव्य गुंतविल्याची नोंद आहे. ज्या बुरुडांना पुढील काळाने गावकुसाच्या कडेला ढकलले, त्याच व्यवसायाच्या माणसांच्या हाती त्या काळी दानाची ठेव विश्वासाने सोपविली जात होती.

व्यापारी वाटांवर नावे कोरण्याची रीत दूरदेशीही होती. समरकंद ज्यांचे मुख्य नगर होते, त्या सोग्दी व्यापाऱ्यांनी सिंधू नदीच्या दरीत शतियाल येथील खडकांवर आपली नावे शेकड्यांनी कोरून ठेवली आहेत. ते लेख प्रामुख्याने कोण या वाटेने गेला, हे सांगतात. जुन्नरचे लेख त्याने जाता जाता दुसऱ्यासाठी काय मागे ठेवले, हेही सांगतात.

आज लेण्याद्रीचा एक विहार गिरिजात्मज गणपतीचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे जाणाऱ्यांपैकी किती जण शेजारच्या चैत्यगृहावरील लेखापाशी थांबतात? ऊनपावसाने अक्षरे झिजत आहेत. ती पूर्ण पुसली जाण्यापूर्वी विहारांतील अभ्यासवर्गांनी ब्राह्मी लिपी शिकावी, जुन्नरची वाट धरावी आणि त्या धान्य व्यापाऱ्याचे, त्या यवनाचे, त्या बुरुडाचे नाव आपल्या मुलांना दगडावरून वाचून दाखवावे. आपला इतिहास राजांच्या प्रशस्तीत शोधण्याची गरज नाही. तो पाण्याच्या पोढीवर कोरलेला आहे.