निखारा चांगला हवा, पण कोळसा आला कुठून?

हुरड्याचे दिवस आले की वढू बुद्रुक आणि शिरूर-दौंडच्या ज्वारीच्या पट्ट्यात बांधाकडेला आगटी पेटते. गोवरीच्या मंद विस्तवात कोवळी कणसे भाजायची आणि हातावर चोळून हुरडा मोकळा करायचा. त्याच विस्तवात पोरे वांगी खुपसतात, कोणी सुके बोंबील टाकते. शहरातल्या हॉटेलांत असेच भाजलेले ‘बार्बेक्यू’ म्हणून महाग विकले जाते. आपल्या वस्त्यांना ते नवे नाही. वाळवलेल्या मांसाच्या चान्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खाण्याची रीत जुनीच आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्यापिण्याची नोंद केली आहे.

सुट्टीच्या दिवशी अंगणात शेगडी मांडणाऱ्या भगिनींनी आणि बंधूंनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

भाजायला लाकूड जड आणि वाळलेले हवे. तुराट्या, पऱ्हाट्या भरकन पेटतात, पण त्यांचा निखारा टिकत नाही. त्या पेटवणापुरत्याच. बाभळीचा निखारा घट्ट असतो, धग बराच वेळ राहते. चिंच, आंबा, पेरू यांच्या वाळलेल्या फांद्याही चांगल्या. मात्र हिरवे झाड तोडू नये. आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत.

ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ मात्र खुशाल वापरावी. एकोणिसाव्या शतकात हे झाड अमेरिका खंडातून आपल्याकडे आले. अमेरिकेत टेक्सासचे लोक ज्या मेस्कीटच्या लाकडावर मांस भाजतात, ते या वेड्या बाभळीचेच भावंड आहे. तोडली तरी ती बुडातून पुन्हा फुटते. काटा तेवढा सांभाळावा.

बाजारातला कोळसा घेताना तुकड्यावर तुकडा वाजवून पाहावा. खणखणीत आवाज आला, तुटलेली बाजू काळी चकाकत असली, तर तो नीट भाजलेला. तपकिरी दिसणारा तुकडा अर्धकच्चा असतो, तो धूर करतो. ओला कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो. विस्तवावर रॉकेल ओतू नये, अन्नाला वास लागतो. ज्वाळा बसून निखाऱ्यावर राखेची पांढरी साय आली की मगच मांस-मासळी ठेवावी. धुराचा स्वाद हवा असेल तर आंब्याची किंवा पेरूची सुकी ढलपी निखाऱ्यावर टाकावी.

कण्हेरीचे लाकूड जाळू नये, तिच्या काडीत मांसही ओवू नये. कण्हेर विषारी आहे. रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूडही नको. पेटती शेगडी थंडीत बंद खोलीत कधीही आणू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच दगावतो.

एवढे पाहून झाले, तरी एक प्रश्न उरतोच. हा कोळसा पाडला कोणी?

मातीच्या भट्टीत चार-पाच किलो वाळक्या लाकडाचा जेमतेम एक किलो कोळसा होतो. लाकडे रचायची, वर पाला आणि माती लिंपायची आणि कित्येक दिवस आच कोंडून ठेवायची. मातीला कुठे भगदाड पडले तर आतला सगळा माल जळून राख होतो. म्हणून रात्रीही राखण करावी लागते. हे काम करणाऱ्यांत रायगडकडील कातकरी कुटुंबे पुष्कळ. ठेकेदाराकडून पावसाळ्याआधी उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह दूरच्या जिल्ह्यांत भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. मुलांची शाळा बुडते. हिशेब ठेकेदाराच्या वहीत असतो. उचल फिटली नाही असे सांगून पुढच्या वर्षीही त्याच माणसांना नेले, तर तो व्यवहार मजुरीचा राहत नाही. ती वेठबिगारी झाली.

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगाराच्या डोक्यावरचे असे कर्जच रद्द ठरवले. त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. आपल्या गावाच्या शिवारात भट्टी लागली असेल तर त्या माणसांशी बोलावे. मजुरी रोख मिळते का, गावी जायची मोकळीक आहे का, हे विचारावे. उत्तर देताना ती माणसे मुकादमाकडे पाहू लागली, तर तहसील कचेरी गाठावी.

मंडळाच्या कार्यक्रमासाठी पोत्याने कोळसा घेणाऱ्यांनी दुकानदाराला भावाबरोबर भट्टीचा ठावठिकाणाही विचारावा. एकट्याने विचारले तर तो हसण्यावारी नेईल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर त्याला उत्तर शोधावे लागेल.